परवाना दुकानाला, हात वाऱ्यावर

"न्हाव्याला कसलं आलंय प्रशिक्षण? कात्री-कंगवा हातात आला की झालं!" हे उद्गार काढणारे गृहस्थ बहुधा डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, नाहीतर निवृत्त अधिकारी असतात. पंचकुल्यात अशा गृहस्थांची वानवा नाही. सेक्टरांच्या आखीव रस्त्यांवर सकाळी फिरायला निघणाऱ्यांपैकी बरेचसे हरियाणा सरकारातून निवृत्त झालेले असतात, बाकीचे त्या बेतात. इथल्या मराठी घरांतही हेच मत तितक्याच ठामपणे ऐकू येते. फरक इतकाच, की 'नाई'च्या जागी 'न्हावी' येतो आणि वाक्याच्या शेवटी एक 'बिचारा' जोडला जातो. सलूनमध्ये काम करणाऱ्यांनी दर काही वर्षांनी थोडे नवे शिकावे आणि त्यावर त्यांचा परवाना नव्याने मिळावा, एवढे नुसते सुचवले तरी मंडळींना हसू आवरत नाही.

त्यांचे म्हणणे त्यांच्याच जोरात मांडतो, म्हणजे पुढे तक्रार नको. ही पिढीजात कला आहे, बापाच्या हातातून मुलाच्या हातात येते, तिथे वर्ग आणि फळा काय करणार? केस वाकडे कापल्याने कोणी मेल्याचे ऐकले आहे का? काम वाईट असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, त्यासाठी सरकार कशाला? आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे फोटो, फीत आणि प्रमाणपत्र. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज थोडा ओलसर करून: गरिबाच्या पोटावर पाय कशाला देता?

ऐकायला सगळे समंजस, वर पुन्हा दयाळू. मला त्यात दया सापडत नाही. ज्या कामाला आपण शिकण्याच्या लायकीचे मानत नाही, त्याच्याविषयीची ही जुनी तुच्छता आहे. तिला आता मुक्त बाजाराचे कपडे मिळाले आहेत.

आधी सध्याचा कायदा पाहू. पंचकुला हरियाणात, इथल्या दुकानांना १९५८चा पंजाबचा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. कामाचे तास किती, साप्ताहिक सुट्टी कधी, नोकराला रजा किती, हे तो सांगतो. मुंबईत केशकर्तनालयाला महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो, म्हणजे पाणी, उजेड, जागा, स्वच्छता पाहिली जाते. दोन्हीकडे कागद आहे तो चार भिंतींचा. त्या भिंतींच्या आत जो माणूस परक्याच्या गळ्यावर पाते टेकवतो, त्याला काय येते, काय नवे कळले आहे, हे विचारायची जबाबदारी कोणाचीच नाही. तो आज या दुकानात, उद्या त्या दुकानात. झाडाखाली खुर्ची आणि फांदीला आरसा असेल तर भिंतींचाही प्रश्न मिटला.

आता हसणाऱ्या डॉक्टरसाहेबांकडे वळू. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करायची तर ३० क्रेडिट तासांचे शिक्षण दाखवावे लागते. एमबीबीएस होताना साडेपाच वर्षे शिकलेल्या माणसालाही कायदा म्हणतो, बाबा रे, तुझे ज्ञान शिळे होते. यात कोणाला अपमान वाटत नाही. हरियाणाच्या मेडिकल कौन्सिलचे कार्यालय तर पंचकुल्यातच आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांना सतत शिकण्याची कल्पना इतकी परकी वाटावी, हे नवल. बरे, डॉक्टर नको म्हणा, फार उंच उदाहरण झाले. स्वयंपाकघरात चला. परवानाधारक खाद्यव्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा, असा एफएसएसएआयचा नियम आहे आणि त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपते. म्हणजे तुमच्या पनीर टिक्क्यावर देखरेख ठेवणाऱ्याने दर दोन वर्षांनी पुन्हा शिकायचे. आणि तुमच्या हनुवटीवरून वस्तरा फिरवणाऱ्याने? त्याची कला पिढीजात आहे ना!

या 'पिढीजात'चे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते. आजोबांच्या धोपटीत काय असे? वस्तरा, कात्री, नराणी, पथरी, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा. ती विद्या बापाकडून मुलाकडे येत होती, कारण दोघांची धोपटी एकच होती. आजच्या सलूनच्या फळीवर बघा. अमोनियाचा डाय, अमोनिया नसलेला डाय, पाच मिनिटांत दाढी काळी करणारी पुडी, 'हर्बल' म्हणून विकली जाणारी काळी मेंदी, ब्लीच, स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, केराटिन, बोटॉक्स नावाचे काहीतरी ज्यात बोटॉक्स नसते. यांतले कोणत्या आजोबांनी कोणत्या नातवाला शिकवले? 'हात बसलेला आहे' हे कात्रीपुरते खरे. ब्रशने रसायन लावताना हात बसलेला असून भागत नाही, बाटलीत काय आहे हे डोक्यात असावे लागते.

बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी असते, पॅराफिनिलिनडायअमाइन. काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते: पापण्या सुजतात, टाळू चिघळते, क्वचित श्वासावर बेतते. म्हणून कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस वाट पाहायची असते. आपल्या कायद्याने ही सूचना डब्यावर छापायला लावली आहे. ती मुंगीएवढ्या अक्षरांत छापली जाते, डबा फाटतो, पुडी उरते. तुमच्या सलूनमध्ये आजवर कोणी कधी म्हटले आहे का, "साहेब, आज थेंब लावतो, डाय परवा करू"? म्हटले असते तर तुम्हीच चिडून शेजारच्या दुकानात गेला असता. बाजार ठरवेल, म्हणतात तो हा बाजार. सावध कारागिराला तो शिक्षा करतो आणि बेफिकिराला बक्षीस देतो. वाकडा कापलेला केस आरशात दिसतो, तेवढाच न्याय गिऱ्हाईक करू शकते. काविळीचा विषाणू आरशात दिसत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकतो. दाढी करताना कापले आणि दोन-तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले, तर त्याचा हिशेब कोणत्या दुकानाच्या नावे लिहिणार?

केराटिनची कथा आणखी बोलकी आहे. केस सरळ करणाऱ्या या द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असते, ते कर्करोगकारक ठरल्यावर बोभाटा झाला. मग 'फॉर्मल्डिहाइड फ्री' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या आल्या. त्यांतल्या कित्येकांत ग्लायऑक्सिलिक ॲसिड. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या, एरवी ठणठणीत असलेल्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तीन वेगवेगळ्या वर्षी ती सलूनमध्ये केस सरळ करून आली आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिसऱ्यांदा कुठे धागा जुळला. मूत्रपिंडतज्ज्ञांना आत्ता कुठे कळलेली गोष्ट सेक्टर ११च्या मार्केटमधल्या मुलाला त्याच्या आजोबांनी सांगून ठेवली असेल, असे समजायचे का?

आणि हे सारे गिऱ्हाइकाच्याच काळजीपोटी बोलतो आहे असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तन आणि केशरचनेच्या व्यवसायातला रसायनांशी येणारा संबंधच 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातला आहे. तुम्ही महिन्यातून एकदा त्या वाफेत बसता. तो दिवसभर उभा असतो, बंद काचेच्या एसी खोलीत, उघड्या हातांनी. त्याच्या बोटांच्या बेचक्यांतली भेगाळलेली कातडी कधी पाहिली आहे? कोणते हातमोजे घालायचे, पंखा कुठे लावायचा, कोणती बाटली दुसऱ्या कोणत्या बाटलीबरोबर उघडायची नाही, हे त्याला सांगायला नको, कारण बिचाऱ्याच्या पोटावर पाय येईल. फुप्फुसांचे काय व्हायचे ते होवो.

'केस कापून कोणी मरत नाही' याचे उत्तर वर निम्मे आलेच. उरलेले निम्मे मानेशी आहे. कटिंगनंतर चंपी, चंपीनंतर डोके धरून मान एकदा इकडे कडकन, एकदा तिकडे कडकन. उत्तर भारतात हे फुकट मिळते आणि मागून घेतले जाते. २०१७ साली हरियाणातल्याच गुरुग्रामच्या रुग्णालयात असा मनुष्य आला, ज्याची मान सलूनमध्ये मोडल्यावर श्वासपटलाची नस दुखावली आणि श्वास घेणे मुश्कील झाले. २०२४मध्ये कर्नाटकात अशाच फुकटच्या मालिशीत मान पिळल्यावर एका तरुणाच्या मानेतल्या रक्तवाहिनीला चीर गेली आणि त्याला पक्षाघात झाला. २०२२मध्ये हैदराबादेत एका बाईंना पार्लरमध्ये केस धुताना, बेसिनच्या कडेवर मान मागे टेकलेली असताना, पक्षाघाताचा झटका आला. या प्रकाराचे वर्णन अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९९३ सालीच झाले होते. मान मोडू नये, बेसिनच्या कडेवर टॉवेलची घडी ठेवावी, एवढे शिकवायला किती वेळ लागतो? अर्धा तास. तो अर्धा तास आपण तीस वर्षांत काढू शकलो नाही.

पंचकुल्यात तर यासाठी एक मोठी शाळा आपोआप भरते. मनसादेवीच्या देवळात बाळांचे मुंडन करायला पंजाब-हरियाणातून, हिमाचलमधून कुटुंबे येतात. आपल्याकडे तुळजापूरला किंवा जेजुरीला जावळ काढतात तसेच. नवरात्रात गर्दीला अंत नसतो. मांडीवर रडणारे, मान हिसडणारे लेकरू, टाळू अजून पुरती भरलेली नाही, आणि त्यावर फिरणारे पाते. देवीचा कारभार १९९१पासून सरकारी श्राइन बोर्डाकडे आहे. रांगा, पार्किंग, प्रसाद यांची व्यवस्था बोर्ड पाहते. त्या पात्यामागच्या हाताला चैत्रातल्या आणि अश्विनातल्या नवरात्राआधी एक दिवस बसवून दर बाळाला नवे ब्लेड, जुन्याचे काय करायचे, कापले तर काय करायचे, टाळूवर गजकर्ण दिसले तर हत्याराचे काय करायचे, हे सांगणे फार जड आहे काय? श्रद्धेच्या जागी प्रश्न विचारू नयेत म्हणतात. देवीने नव्या ब्लेडला हरकत घेतल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

'प्रशिक्षण म्हणजे फार्स' हा आक्षेप घेणारे थोडे अभ्यासू असतात. ते कॅगचा अहवाल काढतात. काढावाच. कौशल्यविकासाच्या केंद्रीय योजनेत लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये आणि रिकाम्या जागा निघाल्या, हे लाजिरवाणेच आहे. 'पूर्वज्ञानाची मान्यता' या गोंडस नावाखाली जे आधीपासून येते त्यावरच शिक्का मारून देण्याचे प्रकार होतात, हेही खरे. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? रस्ते खराब बांधतात म्हणून कोणी रस्ताच नको म्हणत नाही, कंत्राटदाराला धरतात. इथे मात्र कंत्राटदार राहतो बाजूला आणि शिकणाराच नालायक ठरतो.

शिवाय प्रशिक्षण होत नाही हे खरेच नाही. ते जोरात चालू आहे, फक्त ते कोण देते तेवढे विचारा. प्रसाधन कंपन्या देतात. मोठ्या हॉटेलच्या सभागृहात पाहुणा केशरचनाकार येतो, झगमगीत दिव्यांत नवा रंग लावून दाखवतो, शेवटी बाटल्यांची ऑर्डर घेतली जाते. विकणाराच शिकवणार असेल तर तो काय शिकवील? कसे लावायचे ते सांगेल, कधी लावू नये ते सांगणार नाही. देशभर सलूनांची साखळी चालवणाऱ्या एका बड्या असामीने जानेवारी २०२२मध्ये मुझफ्फरनगरच्या अशाच एका कार्यशाळेत, मंचावर बसवलेल्या बाईंच्या केसांवर थुंकून दाखवले. करोना अजून गेलेला नव्हता. व्हिडिओ फिरला, महिला आयोगाने दखल घेतली, माफी मागितली गेली. समोर शिकायला बसलेल्यांनी त्या दिवशी काय शिकून घेतले, ते मात्र कोणी विचारले नाही. बाजारावर सोडलेले शिक्षण म्हणतात ते हे.

आता ते ओलसर आवाजातले वाक्य. पोटावर पाय. या एका आक्षेपात दम आहे, नाही असे नाही. अमेरिकेत मिनेसोटाने १८९७ साली न्हाव्यांना पहिल्यांदा परवाना लावला आणि पुढे राज्याराज्यांत हजार-हजार, दीड-दीड हजार तासांच्या महागड्या अभ्यासक्रमाशिवाय कात्रीला हात लावू न देण्याची पद्धत पडली. नव्या माणसाला आत येऊ न देण्याची ती सोय आहे, ती आपल्याला नकोच. आपल्याकडे असे दार बसवले तर दारावर इन्स्पेक्टर उभा राहील आणि हप्त्याचा दर ठरेल. पण मी बोलतो आहे ते आत आलेल्यांच्या शिक्षणाविषयी, आणि त्याचा बोजा केवढा असतो? टेक्ससमध्ये दोन वर्षांत चार तास. इलिनॉयमध्ये केशरचनाकारांना दोन वर्षांत चौदा. त्यांतच २०१७पासून एक तास घरगुती हिंसाचाराची चिन्हे ओळखण्यासाठी, कारण केस मागे घेताना मानेवरचा वळ सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतो. कॅलिफोर्नियासारखी राज्ये यातले काही मागत नाहीत, हेही सांगून टाकतो. पण चार तासांनी कोणाची चूल विझत नाही.

आणि पैशाचे म्हणाल तर उत्तर आपल्याच घरात आहे. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत न्हावी आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, हवे असेल तर पंधरा दिवसांचे किंवा अधिक प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढे पाच टक्क्यांनी कर्ज. म्हणजे शिकण्याच्या दिवसाची मजुरी सरकारने द्यायची, हे तत्त्व दिल्लीने मान्य केलेले आहे. मग अडले कुठे? हे सारे आयुष्यात एकदा आहे आणि ऐच्छिक आहे. एकदा शिकलास, पेटी मिळाली, आता चाळीस वर्षे कटिंग कर. मधल्या काळात बाजारात कोणती बाटली येईल ती तुझी तू बघ. देशातले पहिले सरकारी कौशल्य विद्यापीठ ज्या राज्याने पलवलला काढले, ज्याच्या कौशल्य विकास मिशनचे कार्यालय पंचकुल्यात आहे, त्या राज्यात ही दुसऱ्या पावलाची अडचण यावी?

'ते शिकणार नाहीत हो, त्यांना त्यात रस नसतो,' हेही ऐकले आहे. २०२० आठवते का? टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात २८ जूनपासून सलून उघडली ती फक्त कटिंगसाठी, दाढीला बंदी. हातमोजे, ॲप्रन, एकदाच वापरायचे टॉवेल, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसणे. तीन महिने कमाई बुडालेल्या, डोक्यावर भाडे थकलेल्या माणसांनी हे सगळे काही दिवसांत आत्मसात केले, तेही स्वखर्चाने. आपण मात्र त्यांना दर विचारून कुरकुरलो की कटिंग महागली. रस कोणाला नव्हता?

नाभिक समाज आपल्या हत्याराचा विचार करीत नाही, असे मानणाऱ्यांनी मुंबईचा १८९०चा प्रसंग वाचावा. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या केशवपनाला आपला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्या घरांतून केशवपनाची बोलावणी येत, ती घरे सुशिक्षितांची होती. वस्तरा कुठे चालवायचा नाही याचा निर्णय ज्यांनी तेव्हा घेतला, त्यांच्या वारसांना आज हातमोज्यांचा धडा झेपणार नाही म्हणता? जयंतीला जिवा महाला आणि शिवा काशिद या शिवकालीन नाभिक वीरांच्या तसबिरींना हार घालायला पुढारी येतात, समाजाच्या नावाने महामंडळे जाहीर होतात. त्याच व्यासपीठावरून एखाद्याने म्हणावे की या कामात ज्ञान लागते, ते दर पाच वर्षांनी बदलते, म्हणून याला डॉक्टरसारखा व्यक्तीच्या नावे परवाना आणि डॉक्टरसारखेच शिक्षणाचे तास. लगेच कुजबुज होईल, 'न्हावी आता डॉक्टर होणार!' खरी ठसठस ती आहे. शिकलेला कारागीर प्रश्न विचारतो, डाय आज नाही म्हणतो, मान मोडायला नकार देतो आणि कटिंगचे दोन पैसे जास्त मागतो.

तर मागणी स्पष्ट करून ठेवतो. परवाना दुकानाबरोबरच माणसाच्या नावे द्या, आरशाशेजारी लावता येईल असा. काम सुरू करायला त्याची अट नको, सुरू केल्यापासून वर्षभरात मिळवला म्हणजे झाले. पाच वर्षांत दोन दिवस शिक्षण, हरियाणात हिंदी-पंजाबीत, महाराष्ट्रात मराठीत. लेखी परीक्षा नको, हाताने करून दाखवायचे. शिकवायला त्वचारोगतज्ज्ञ आणि बिरादरीतलेच जुने उस्ताद, बाटली विकणारा कोणीही नाही. पार्लर चालवणाऱ्या बायांना आणि दहा बाय दहाच्या खोलीत थ्रेडिंग करणाऱ्या मुलींनाही हेच. दिवस इथे मंगळवार, महाराष्ट्रात सोमवार, कारण त्या दिवशी दुकाने बंद असतात. पण तो त्यांचा हक्काच्या सुट्टीचा दिवस, म्हणून त्याची पूर्ण मजुरी, आणि ५०० रुपयांत ती भरून येत नसेल तर जास्त. मोठ्या साखळ्यांनी आपल्या नोकरांचा खर्च स्वतः सोसायचा. तपासणी इन्स्पेक्टरने नव्हे, नाभिक संघटना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने मिळून करायची. पंचकुल्याने सुरुवात मनसादेवीपासून करावी, येत्या नवरात्राच्या आधीच्या मंगळवारी. ज्यांना हे अजूनही हास्यास्पद वाटते त्यांनी आपल्या नातवाचे मुंडन तिथे, मिळेल त्या पात्याने, मिळेल त्या हातून करून घ्यावे आणि मग माझ्याशी वाद घालायला यावे.